फितुराला फाशी द्यावी का? कलम १२१ ते कलम १४७

३ जानेवारी १९४६. त्या सकाळी लंडनच्या वँड्सवर्थ तुरुंगात विल्यम जॉईस नावाच्या माणसाला फासावर चढवलं. महायुद्धाच्या काळात तो बर्लिनच्या रेडिओवरून इंग्रजीत नाझींचा प्रचार करायचा, म्हणून त्याच्यावर राजाशी द्रोह केल्याचा खटला चालला होता. त्याच दिवशी दिल्लीत सरसेनापती ऑकिन्लेक यांनी शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या आझाद हिंद सेनेच्या तीन अधिकाऱ्यांची जन्मठेप माफ केली. तिघे लाल किल्ल्यातून सुटले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

राजा तोच, सहावा जॉर्ज. आरोपाचा गाभाही तोच: राजाशी इमान सोडलं आणि त्याच्या शत्रूला मिळाले. त्यातही जॉईसने कधी बंदूक उचलली नव्हती, आणि हे तिघे ब्रह्मदेशच्या आघाडीवर ब्रिटिश फौजेशी समोरासमोर लढले होते.

देशद्रोह्याला फाशी द्यावी का, हा विषय चहाच्या टपरीवर निघाला की दोन मिनिटांत निकाल लागतो. द्यायची म्हणजे द्यायची, तीही भर चौकात. हा राग खोटा नाही. परक्याच्या वारापेक्षा घरच्याचा दगा जास्त लागतो. पण कायद्याचं काम रागावर भागत नाही. त्याला व्याख्या लागते, पुरावा लागतो, आणि हा माणूस नेमका कुणाचा द्रोही हे कुणीतरी ठरवावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: निव्वळ द्रोहासाठी, म्हणजे कुणाचा जीव घेतल्याचं सिद्ध झालेलं नसताना, फाशी नसावी. का ते सांगण्याआधी आपला कायदा उलगडायला हवा, कारण त्याबद्दल घोळ फार आहे.

कायद्यात आहे तरी काय

भारताच्या दंडविधानात देशद्रोह या नावाचा गुन्हाच नाही. आपण सगळ्यालाच तो शब्द लावतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट सरकारविरोधी लिखाणाची. टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली खटले झाले ते कलम १२४-अ खाली, सरकारबद्दल अप्रीती पसरवल्याचे. दुसऱ्या खटल्यापायी त्यांनी सहा वर्षं मंडालेत काढली. पण या कलमात फाशी कधीच नव्हती. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते गोठवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या जागी कलम १५२ आलं. त्यातही जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपेची.

दुसरी गोष्ट हेरगिरी. लष्करी नकाशे, क्षेपणास्त्रांची माहिती शत्रूला विकणारा माणूस आपल्या लेखी पहिल्या नंबरचा फितूर. पण १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली त्याला जास्तीत जास्त १४ वर्षं होतात. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयात काम केलेल्या एका अधिकारी बाईंना पाकिस्तानी गुप्तहेरांना माहिती पुरवल्याबद्दल २०१८ साली दिल्लीच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा होती ३ वर्षं. भर चौकात फाशी मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट सैनिकांची. १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये चौकी शत्रूच्या हवाली करणं, शत्रूला खबर देणं, बंड करणं यांना मृत्युदंड होऊ शकतो. तो वेगळा प्रांत आहे, त्यात इथे शिरत नाही.

उरलं ते कलम १२१, नव्या संहितेतलं १४७. फाशी आहे ती इथे. सोप्या मराठीत ते असं आहे: जो कोणी भारत सरकारविरुद्ध युद्ध करील, किंवा तसा प्रयत्न करील, किंवा तशा युद्धाला चिथावणी देईल, त्याला मृत्युदंड किंवा आजन्म कारावास, आणि वर दंड.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. करणं, करू पाहणं आणि करायला चिथावणं या तिन्हींना एकच शिक्षा. इतर गुन्ह्यांत असं नसतं. एखाद्याने खुनाची चिथावणी दिली आणि खून झालाच नाही, तर जुन्या दंडविधानाच्या कलम ११५ प्रमाणे साधारणपणे सात वर्षांपर्यंतची कैद. इथे मात्र युद्ध झालं नाही तरी चिथावणी देणारा थेट फाशीच्या पायरीवर. आणि खालची पायरी कुठली, तर जन्मठेप. मधे काहीच नाही. न्यायाधीशाला वाटलं की याचा अपराध दहा वर्षांच्या लायकीचा आहे, तरी या कलमाखाली तो दहा वर्षं देऊ शकत नाही.

हे कलम १८६० सालचं, सत्तावनचा उठाव ताजा असतानाचं. मूळ मजकुरात आणखी एक शिक्षा होती: सगळी मालमत्ता जप्त. म्हणजे बाप फासावर किंवा अंदमानात, आणि बायकापोरं रस्त्यावर. ती तरतूद १९२१ साली काढली आणि तिच्या जागी दंड आला.

कविता छापल्या म्हणून

हे कलम कुठवर जाऊ शकतं, ते नाशिकने १९०९ साली पाहिलं. गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर, यांनी काही देशभक्तिपर कविता छापून प्रसिद्ध केल्या. कवितांत देवादिकांचे, शिवाजी महाराजांचे दाखले होते, आणि सूर असा की स्वातंत्र्य तलवारीवाचून मिळत नाही. बाबारावांकडून कुणावर हल्ला झाला नव्हता. या कवितांमुळे कुठे उठाव झाल्याचंही कुणी म्हटलं नव्हतं. तरी सरकारने १२४-अ बरोबर कलम १२१ लावलं: युद्धाची चिथावणी.

जून १९०९ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची आणि मालमत्ता जप्त, अशी शिक्षा दिली. अपील मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांच्यापुढे चाललं. बचावाचं म्हणणं होतं की जे युद्ध झालंच नाही त्याची चिथावणी कसली? न्यायालयाने ते मानलं नाही. चिथावणी दिली तिथेच गुन्हा पुरा झाला, युद्ध पेटलं की नाही हा मुद्दाच नाही, असा अर्थ लावून शिक्षा कायम केली.

आता या निकालाकडे आपल्या प्रश्नाच्या बाजूने बघा. त्या सत्र न्यायाधीशापुढे दोनच शिक्षा होत्या. त्याने कमी असलेली निवडली. दुसरी निवडली असती, तर कविता छापल्याबद्दल फाशी झाली असती आणि ती कायद्यात चपखल बसली असती.

वासुदेव बळवंत फडक्यांना १८७९ साली दंडविधानाच्या याच प्रकरणातल्या कलमांखाली जन्मठेप होऊन एडनला पाठवलं, तिथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांच्यावरच्या आरोपांत खुनाबरोबर राजाविरुद्ध युद्धही होतं. फाशीच्या तीन दिवस आधी, २० मार्च १९३१ ला, पंजाबच्या गव्हर्नरला गेलेल्या त्यांच्या पत्रातला युक्तिवाद कुठल्याही वकिलाने टोपी काढावी असा आहे. तुमच्याच न्यायालयाने म्हटलं आहे की आम्ही युद्ध केलं, म्हणजे आम्ही युद्धकैदी ठरतो. मग फाशी कसली देता, सैनिकांची तुकडी बोलवा आणि गोळ्या घाला. सरकारने अर्थातच ऐकलं नाही. पण कलमातली गाठ त्यांनी बरोबर पकडली होती. सरकारला समोरचा माणूस योद्धा म्हणून दोषी धरायचा असतो आणि गुन्हेगार म्हणून लटकवायचा असतो.

लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या तिघांचे वकील भुलाभाई देसाई यांनी हाच धागा पुढे नेला. आझाद हिंद सरकार होतं, त्याने रीतसर युद्ध पुकारलं होतं, त्याची संघटित फौज होती. गुलाम राष्ट्राला स्वातंत्र्यासाठी लढण्याचा हक्क आहे, आणि अशा लढाईतल्या सैनिकाला घरच्या दंडविधानाने तोलता येत नाही. लष्करी न्यायालयाने हे धुडकावलं आणि ३१ डिसेंबर १९४५ ला तिघांनाही दोषी धरलं. कलम १२१ असल्यामुळे पुढे दोनच वाटा होत्या, त्यातली जन्मठेपेची घेतली. ती ऑकिन्लेकनी माफ केली ती कायद्याच्या मुद्द्यावर मुळीच नाही. देश पेटला होता आणि आपल्याच फौजेतल्या हिंदी सैनिकांचं मन बिथरेल ही धास्ती होती. फेब्रुवारीत मुंबईत नाविक उठलेच.

आणि जॉईस? तो मुळात ब्रिटिश नागरिकच नव्हता. जन्म ब्रुकलिनचा, नागरिकत्व अमेरिकेचं. १९३३ साली त्याने खोटी माहिती देऊन ब्रिटिश पासपोर्ट काढला होता आणि १९३९ मध्ये त्याची मुदत वाढवून घेतली होती. न्यायालय म्हणालं, पासपोर्ट खिशात होता तोवर राजाचं संरक्षण होतं, आणि संरक्षण होतं तोवर निष्ठाही देणं लागत होता. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये एका न्यायाधीशाचं मत विरुद्ध पडलं, पण बहुमताने फाशी कायम झाली. माणूस हलकट होता यात वाद नाही. पण एका खोट्या पासपोर्टच्या मुदतीवर त्याची मान अडकली, हेही खरं.

मग कसाबचं काय?

हा प्रश्न येणारच, आणि मुंबईकर तो विचारणार यात गैर काही नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं मेली. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश टहलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला फाशी सुनावली. फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला सकाळी येरवड्यात फाशी झाली. भारत सरकारविरुद्ध युद्ध हाच या प्रकरणातला मुख्य गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. एक म्हणजे कसाब पाकिस्तानी होता, भारताशी इमान राखण्याचा प्रश्नच नव्हता. तो शत्रू होता, फितूर नव्हता. कलम १२१ मध्ये "जो कोणी" असं असल्यामुळे परदेशी माणूसही त्यात येतो. संसद हल्ल्याच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं होतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कसाबला फाशी झाली ती अनेक कलमांखाली, आणि त्यात खुनाचं कलम ३०२ होतंच. कलम १२१ दंडविधानात नसतं तरी कसाब फासावरच गेला असता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या घालून माणसं मारल्याबद्दलच गेला असता.

म्हणजे जिथे माणसं मारली गेली आहेत तिथे खुनाचं कलम पुरेसं आहे. मग कलम १४७ मधल्या मृत्युदंडाला स्वतःचं असं काम कुठे उरतं? जिथे कुणाला मारल्याचं सिद्ध झालेलं नाही अशाच प्रकरणांत. नेमकी नाशिकच्या कवितांसारखी. मी फाशीच्या विरोधात आहे तो या उरलेल्या भागापुरता. खुनाला फाशी असावी का, हा वेगळा वाद आहे, त्यात ज्याचं मत त्याच्यापाशी. भारताने १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तोही मृत्युदंड फक्त "सर्वांत गंभीर" गुन्ह्यांपुरता ठेवायला सांगतो. आणि त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१८ मध्ये याचा अर्थ हेतुपुरस्सर जीव घेण्याचे गुन्हे असाच लावला आहे.

समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा असा: फितूर स्वतः गोळी झाडत नाही, पण त्याच्या एका कागदाने शेकडो मरू शकतात. हे खरंच आहे. अमेरिकेच्या एफबीआयमधला रॉबर्ट हॅन्सन अनेक वर्षं मॉस्कोला गुपितं विकत होता, आणि त्याने नावं फोडलेल्या माणसांना तिकडे मृत्युदंड झाले. अमेरिकेच्या कायद्यात त्याला फाशी शक्य होती. २००१ मध्ये सरकारने ती सोडली आणि बदल्यात त्याच्याकडून गुन्ह्याची कबुली आणि सगळी माहिती घेतली. नुकसान किती झालं, कुठलं गुपित कुणाच्या हाती गेलं, हे जिवंत हेरालाच विचारता येतं. हा भूतदयेचा मामला नव्हता, सरळ व्यवहार होता. उरलेलं आयुष्य त्याने कोठडीत काढलं आणि २०२३ मध्ये तिथेच मेला.

आणि एखाद्याच्या फितुरीमुळे माणसं मारली गेली, हे त्याला ठाऊक असताना त्याने केलं, असं सिद्ध करता येत असेल, तर खुनाला मदत केल्याचा आरोप ठेवायला कुणी अडवलेलं नाही.

ज्याची फाशी कायद्यात नव्हती म्हणून वाचली

आता ते प्रकरण, ज्यामुळे माझं मत पक्कं झालं.

१८९४ सालचं पॅरिस. जर्मन वकिलातीच्या कचराटोपलीतून फ्रेंच हेरखात्याच्या हाती एक फाटलेला कागद लागला. त्यात फ्रान्सच्या तोफखान्याची माहिती देऊ केली होती. हस्ताक्षर कुणाचं याचा शोध सुरू झाला आणि संशय आला कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफसवर. तोफखान्याचा अधिकारी, मूळचा अल्सेसचा, आणि ज्यू. हस्ताक्षरतज्ज्ञांतच एकमत नव्हतं. खटला बंद दाराआड चालला. न्यायाधीशांकडे एक गुप्त फाईल गेली, ती आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला दाखवलीही नाही. २२ डिसेंबरला सातही न्यायाधीशांनी एकमताने दोषी ठरवलं. ५ जानेवारी १८९५ ला लष्करी शाळेच्या पटांगणात त्याच्या गणवेशाची बटणं आणि फिती उपटल्या, तलवार मोडली. तो ओरडत होता, मी निर्दोष आहे. बाहेर जमाव ओरडत होता, मारा त्याला.

मारलं नाही, कारण मारता येत नव्हतं. फ्रान्सने १८४८ च्या राज्यघटनेत राजकीय गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द केला होता आणि द्रोह त्यात मोडत होता. म्हणून त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिल्स आयलंडवर नेऊन ठेवलं. लोकांना हे पटलं नाही. निकालाला दोन दिवस होत नाहीत तोच युद्धमंत्री जनरल मर्सिए यांनी संसदेत द्रोहासाठी फाशी परत आणायचं विधेयक मांडलं. समाजवादी पुढारी झाँ झोरेस उठले, तेही ड्रेफसची बाजू घ्यायला नव्हे. गरीब घरचा साधा शिपाई अधिकाऱ्यावर हात उचलतो तर त्याला गोळ्या घालता, आणि हा अधिकारी देश विकून जिवंत राहतो, असा त्यांचा सवाल होता. म्हणजे डावे, उजवे, सरकार, रस्त्यावरचा माणूस, सगळ्यांचं एकमत होतं की हा मेला असता तर बरं झालं असतं.

१८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख पिकार याच्या लक्षात आलं की कागदावरचं हस्ताक्षर एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याशी जुळतं. वरिष्ठांनी पिकारलाच ट्युनिशियाला धाडलं. खात्यातल्या ऑन्री नावाच्या अधिकाऱ्याने ड्रेफसविरुद्ध बनावट पत्र तयार केलं. १८९८ मध्ये ते उघडकीला आल्यावर त्याने कोठडीत आत्महत्या केली. १८९९ मध्ये खटला पुन्हा चालला आणि, विश्वास बसणार नाही, ड्रेफसला पुन्हा दोषी ठरवलं. मग माफी दिली. १२ जुलै १९०६ ला सर्वोच्च न्यायालयाने शेवटी निकाल रद्द केला. ड्रेफस सैन्यात परतला, पहिल्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला आणि १९३५ मध्ये वारला. झोरेसही पुढे त्याच्या बाजूने उभे राहिले होते.

चूक कुठल्याही खटल्यात होते, असं म्हणता येईल. होतेच. पण द्रोहाच्या खटल्यात ती व्हायची सोय जास्त असते. पुरावा गुप्त असतो, कारण तो उघड करणं हाच देशाला धोका असं सरकार सांगू शकतं. फिर्यादी स्वतः सरकार असतं. तपास करणारं खातं बऱ्याचदा तेच, ज्याची नाचक्की झालेली असते. आणि आरोपीच्या बाजूने बोलणाऱ्यालाही लोक फितूर म्हणू लागतात, त्यामुळे साक्षीदार मागे सरतात, वकील मिळत नाहीत. अमेरिकेच्या राज्यघटना लिहिणाऱ्यांना याची पुरती जाणीव होती. इंग्लंडच्या राजांनी हा आरोप कसा वापरला ते त्यांनी पाहिलं होतं, आणि ते स्वतःही राजाच्या दृष्टीने द्रोहीच होते. म्हणून त्यांनी घटनेतच लिहून ठेवलं: एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर न्यायालयात कबुली. आपल्याकडे कलम १४७ चा खटला उभा करायला सरकारची आधी परवानगी लागते. चाळणी म्हणून ती ठीक, पण ती चाळणी फिर्यादीच्याच हातात आहे.

चुकीखेरीज दुसरी अडचण आहे ती राज्य पालटण्याची. २ ऑगस्ट १९४० ला, जर्मनीपुढे शरण गेलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारच्या लष्करी न्यायालयाने लंडनला निघून गेलेल्या एका जनरलला द्रोहासाठी गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. त्याचं नाव शार्ल द गोल. पाच वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४५ ला, त्या व्हिशी सरकारचे प्रमुख मार्शल पेताँ यांना द्रोहासाठीच मृत्युदंड झाला. ती शिक्षा कमी करून जन्मठेप केली ती आता सरकारप्रमुख झालेल्या द गोल यांनी. पेताँ यांचे पंतप्रधान लावाल यांना मात्र ती सवलत मिळाली नाही. त्यांनी विष घेतलं होतं, ते पोटातून उपसून काढून त्यांना गोळ्या घातल्या.

खून हा खूनच राहतो, सरकार कुणाचंही येवो. फितुरीचं तसं नसतं.

स्वराज्यातले दोन दाखले

इतिहासाचे दाखले देऊन आजचा कायदा ठरत नाही, हे कबूल. तरी फितुरी म्हटलं की मराठी माणसाला स्वराज्य आठवतं, म्हणून दोन सांगतो.

अफझलखानाला मिळालेला रोहिडखोऱ्यातला देशमुख खंडोजी खोपडे पुढे हाती लागला. कान्होजी जेध्यांनी त्याच्यासाठी रदबदली केली आणि शिवाजी महाराजांनी जीव न घेण्याचा शब्द दिला. तो पाळला, पण खोपड्याचा एक हात आणि एक पाय तोडला. ही काही दया नव्हे, आणि आज कुणी असली शिक्षा मागत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं. दाखला एवढ्यासाठीच की उघड फितुरालाही मारलंच पाहिजे, असं त्या काळच्या राजालाही वाटलं नव्हतं.

दुसरा दाखला जास्त बोचणारा. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्याबरोबर बाळाजी आवजी चिटणीस यांनाही मृत्युदंड झाला. बाळाजी निर्दोष होते आणि महाराजांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, असं परंपरा सांगते. चिटणिशी त्यांच्याच मुलाकडे, खंडो बल्लाळकडे आली. हाच खंडो बल्लाळ पुढे राजाराम महाराजांना जिंजीच्या वेढ्यातून सोडवण्यासाठी आपलं वतन द्यायला तयार झाला, अशी कथा आहे. कटाचे तपशील आणि कुणाचा दोष किती यावर इतिहासकारांत वाद आहेत, आणि राहतील. ज्याच्याबद्दल वाद आहे तो माणूस मात्र १६८१ मध्येच गेला.

आजचं बघायचं तर आपला माणूस दुसऱ्याच्या न्यायालयात उभा आहे अशी कल्पना करायचीही गरज नाही. नौदलातून निवृत्त झालेले मुंबईचे कुलभूषण जाधव यांना एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरी आणि घातपाताच्या आरोपावरून मृत्युदंड दिला. खटला बंद दाराआड, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू दिलं नाही. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि जुलै २०१९ मध्ये त्या न्यायालयाने पाकिस्तानने करार मोडल्याचं ठरवून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं; तोवर फाशी देऊ नये असंही बजावलं. आपण तिथे जे मुद्दे मांडले ते बरोबरच होते. गुप्त पुरावा, लष्करी न्यायालय, बचावाला वाव नाही, आणि त्यावर न फिरवता येणारी शिक्षा. हे मुद्दे वाघा ओलांडून अलीकडे आल्यावर चुकीचे कसे ठरतील?

विधी आयोगाने काय म्हटलं

न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये आपला २६२ वा अहवाल दिला. शिफारस होती: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी मृत्युदंड रद्द करा. गंमत त्याच्या कारणात आहे. दहशतवादाला वेगळं वागवायला शिक्षाशास्त्रात काही आधार नाही, हे आयोगानेच लिहिलं. पण फाशी काढली तर देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी भीती व्यक्त होते, म्हणून ती ठेवा. म्हणजे तर्क एकीकडे आणि शिफारस दुसरीकडे. राजकारणाचा अंदाज घेऊन केलेली तडजोड म्हणून ती समजू शकते, पटत मात्र नाही.

ब्रिटनने द्रोहाची फाशी १९९८ मध्ये काढून टाकली. खुनाची फाशी तिथे १९६५ मध्येच थांबली होती, पुढची तेहतीस वर्षं द्रोहाची कायद्यात नुसती पडून होती. आपण मात्र त्यांचंच १८६० चं कलम २०२३ साली नव्या संहितेत उतरवून घेतलं. वसाहतीच्या खुणा पुसतो आहोत, असं तेव्हा संसदेत सांगितलं जात होतं. या कलमाचा क्रमांक बदलला. शिक्षा, आणि करणं-करू पाहणं-चिथावणं हे त्रिकूट, जसंच्या तसं राहिलं.

फाशी ठेवायचीच असा संसदेचा हट्ट असेल, तरी एक दुरुस्ती उद्यासुद्धा करता येईल. कलम १४७ चे दोन भाग करायचे. माणसं मारून प्रत्यक्ष युद्ध करणाऱ्याला आजची शिक्षा राहू दे. प्रयत्न आणि चिथावणी वेगळी काढून त्यांना मुदतीची कैद, सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, म्हणजे न्यायाधीशाला मधल्या पायऱ्या मिळतील. घटनादुरुस्ती नको की नवा कायदा नको, एका कलमातली दोन-तीन वाक्यं बदलली की झालं.